एक नर आणि तीन वेषांच्या माद्या

लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या झाडाभोंवतीं एक मोठें, काळें, शेपटीवालें फुलपांखरूं घुटमळतांना आपण पुष्कळदां पाहिलें असेल. इंग्रजींत त्याला कॉमन मॉर्मन म्हणतात. पंख पसरले असतां त्याची रुंदी सुमारें ९ ते १० सेंटिमीटर भरते. नर ओळखणें मुळींच कठीण नाहीं. पंख काळेभोर, आणि मागील पंखांवरून आडवी गेलेली दुधी ठिपक्यांची एक ओळ.

घोटाळा होतो तो मादीच्या बाबतींत. एक मादी थेट नरासारखी. दुसरीच्या मागील पंखांच्या मध्यभागीं पांढरे डाग व कडेला तांबड्या चंद्रकोरी. तिसरीच्या मागील पंखांवर तांबड्या ठिपक्यांच्या रांगा आणि पुढील पंखांवर पांढरे पट्टे. एका नराच्या या अनेक ‘बायका’ पाहूनच त्याला बहुपत्नीकत्वासाठीं प्रसिद्ध असलेल्या मॉर्मन पंथाचें नांव पडलें, असें सांगतात. थट्टा कांहीं फारशी उंची नव्हे. परंतु नांव टिकलें खरें.

दुसरी व तिसरी मादी या अनुक्रमें कॉमन रोज व क्रिमसन रोज या फुलपांखरांच्या नकला होत. त्यांचे सुरवंट सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि वेलींतील विष अंगीं मुरल्यामुळें पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहींत. मॉर्मन स्वतः निर्विष. तरी या वेषांत तीही बचावते. वॉलेसनें १८६५ सालीं या सोंगाची चर्चा केली. आणि हा वेष ‘डबलसेक्स’ नांवाच्या एकाच जनुकाच्या ताब्यांत आहे, असें कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं दाखविलें.

मग अस्सल व नक्कल ओळखावी कशी? पंख न पाहतां अंग पहावें. रोजचें डोकें व पोट तांबडें असतें, मॉर्मनचें काळेंच. शिवाय रोज संथ उडतें. मॉर्मन दचकली कीं वेष विसरून वेडीवांकडी पळते.

कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखें कांहीं दिसलें, तर तें झटकण्यापूर्वीं निरखून पहावें. तो बहुधा लहान सुरवंट असतो. पुढें तो हिरवा होतो, आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबडें दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडतो. पुष्कळ लोक या वेळीं त्याला चिरडतात. मोठ्या झाडाचीं चार पानें गेल्यानें कांहींच बिघडत नाहीं; रोपटें लहान असेल तर सुरवंट फांदीसह उचलून दुसऱ्या लिंबावर ठेवावा. रेशमाच्या कमरपट्ट्यानें काटकीस टेकलेला त्याचा कोश हिरवा किंवा तपकिरी असतो. आंत नर आहे, कीं कोणत्या वेषाची मादी, तें पंख उघडल्यावरच कळतें.