रसाच्या दुकानातून कॅसेटच्या धंद्यात

मागच्या बैठकीत एक सखी शेवयांच्या यंत्रासाठी कर्ज मागत होती. घरून तिला ऐकावं लागलं, "हा तर जुगारच!" म्हणणारे स्वतः जत्रेत तीन पत्तीला बसतात, ते असो. पण शंका खरी आहे, म्हणून आज गुलशन कुमार यांच्याविषयी बोलू.

दिल्लीच्या दर्यागंजात त्यांच्या वडिलांचं फळांच्या रसाचं दुकान होतं. पुढे घरच्यांनी रेकॉर्ड आणि कॅसेट विकायला घेतल्या. 1983 साली गुलशन कुमारांनी स्वतःची कंपनी काढली, तीच टी-सिरीज. गाजलेल्या गाण्यांचे हक्क तेव्हा बड्या कंपनीकडे होते आणि तिच्या कॅसेट महाग. पण जुनं गाणं नव्या आवाजात गाऊन घ्यायचं आणि मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, एवढी सोय कायद्यात होती. त्यांनी ती धरली. भाव कमी ठेवला, माल पानटपरीवर आणि किराणा दुकानात पोचवला. एका नगामागे सुटायचे थोडे, पण खप मोठा. भजनं, आरत्याही काढल्या. दुसऱ्यांच्या गाण्यांच्या चोरट्या प्रती काढल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला, तेही सांगायला हवं. अनुराधा पौडवाल त्यांच्याकडे भरपूर गायल्या. 1990 च्या 'आशिकी'तली त्यांची गाणी आपल्यातल्या कितीजणींना पाठ आहेत!

12 ऑगस्ट 1997 ला मुंबईत अंधेरीला देवळातून पूजा करून बाहेर पडताना गुलशन कुमारांना गोळ्या घालून मारलं. खंडणीवरून हे झालं, असं पोलिसांनी सांगितलं.

मग त्यांचा धंदा जुगार होता का? पत्त्यांत पुढचं पान झाकलेलं असतं. इथे गाणं आधीच लोकांच्या तोंडी होतं, महाग कॅसेट परवडत नाही हेही दिसत होतं. धोका होताच, पण चाचपून घेतलेला.

सखीच्या अर्जाचंही आम्ही तसंच केलं. लगेच हो म्हटलं नाही. गल्लीतल्या किती घरी शेवया विकत आणतात, किलोला काय देतात, पावसाळ्यात यंत्र किती दिवस बंद राहील, हे वहीत लिहून आणायला सांगितलं. तिची वीस घरं झालीत. सुप्याच्या बाजारातल्या दोन दुकानदारांना विचारायचं राहिलंय.