कालची गर्दी, आज वेगळ्या सर्व्हरवर

पगाराच्या दिवशी सकाळी अकराला बँकेचा डेटाबेस अडखळतो आणि साडेअकराला आपोआप सुरळीत होतो. त्या अर्ध्या तासात आत काय बिनसलं होतं, हे नंतर शोधायचं कसं?

ओरॅकल डेटाबेस याचा माग स्वतःच ठेवतो. दर सेकंदाला तो आत डोकावून पाहतो की कोणतं सेशन कामात आहे, कोणतं खोळंबलंय, आणि खोळंबलंय ते डिस्कसाठी की दुसऱ्याचं लॉक सुटावं म्हणून. रिकाम्या सेशनची नोंद तो घेतच नाही. हे नमुने मेमरीत राहतात आणि दहातला एक डिस्कवर उतरतो. त्यामुळे भार इतका कमी पडतो की मोजमाप चोवीस तास चालू ठेवता येतं. मला यातली खरी हुशारी इथेच दिसते, कारण बिघाड काही सांगून येत नाही.

आणि 2007 साली ओरॅकल 11जीबरोबर आलेलं ‘डेटाबेस रिप्ले’ तर थक्क करून सोडतं! चालत्या डेटाबेसकडे येणाऱ्या विनंत्या फाइलींमध्ये टिपायच्या. टिपायला सुरुवात झाली त्या क्षणाचा डेटा बॅकअपमधून वेगळ्या सर्व्हरवर उभा करायचा आणि तीच गर्दी त्याच्यावर सोडायची. माणसांच्या जागी असतात रिप्ले क्लायंट नावाचे प्रोग्रॅम. कमिट कोणाचा आधी, कोणाचा नंतर, तो क्रमही पाळता येतो. दोन विनंत्यांच्या मध्ये कारकून सात सेकंद थांबला असेल, तर ते सात सेकंदही जसेच्या तसे येतात. हा थांबण्याचा वेळ निम्मा करून गर्दी वाढवण्याचीही सोय आहे.

खबरदारी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागते. मूळ डेटाबेसमधून दुसरीकडे जाणाऱ्या लिंक या प्रतीतही तशाच आलेल्या असतात. त्या आधी तोडल्या किंवा वळवल्या नाहीत, तर चाचणीतला व्यवहार खऱ्या यंत्रणेत जाऊन पडेल. शिवाय सर्व्हरचं घड्याळ मागे न्यावं लागतं! नाहीतर ‘आजचे व्यवहार दाखव’ म्हणणाऱ्या क्वेरीच्या हाती काहीच लागणार नाही.

मूळ धावेत चाळीस ओळी देणाऱ्या क्वेरीने इथे एकोणचाळीस दिल्या, किंवा एखादी नवी एरर आली, तर तो फरक अहवालात येतो. मग ‘फ्लॅशबॅक’ या ओरॅकलच्याच सोयीने डेटाबेस पुन्हा त्याच सुरुवातीच्या क्षणाला न्यायचा, दुसरं सेटिंग लावायचं आणि तीच गर्दी परत सोडायची.