चट्टा दिसतो, बधिरपणा दिसत नाही

त्वचेचा कर्करोग ओळखायला संगणकाला शिकवायचे, तर त्याला छायाचित्रे दाखवावी लागतात. कोणालाही वापरता येतील अशा छायाचित्रांच्या २१ संग्रहांचा हिशेब संशोधकांनी २०२१च्या अखेरीस ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या नियतकालिकात मांडला. एकूण छायाचित्रे १,०६,९५०. त्यांपैकी माणसाच्या त्वचेचा वर्ण नोंदवलेली जेमतेम २,४३६. या नोंदींत तपकिरी त्वचेची दहा आणि अगदी काळ्या त्वचेचे फक्त एक. वंशाची नोंद होती त्या छायाचित्रांत दक्षिण आशियातला माणूस औषधालाही सापडला नाही. पावणेदोनशे कोटींहून जास्त माणसांचा हा प्रदेश, आणि त्याची त्वचा कशी दिसते हे यंत्राला कोणी दाखवलेलेच नव्हते.

फोनवर फोटो काढायचा आणि ‘हा तीळ धोक्याचा आहे का’ असे अ‍ॅपला विचारायचे, ही कल्पना आता जुनी झाली. २०१३ साली अमेरिकेत अशी चार अ‍ॅप तपासली गेली. त्यांपैकी तीन अ‍ॅप स्वतःच निकाल देत. त्या तिघांनीही मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, शंभरातल्या तीस किंवा त्याहून जास्त गाठींना ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगून टाकले. चौथे अ‍ॅप फोटो त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवत असे. त्याच्या हातून ५३ पैकी एकच मेलॅनोमा निसटला. पुढे २०१५ मध्ये तीळ तपासण्याचा दावा करणाऱ्या दोन अ‍ॅपवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने खोट्या जाहिरातीबद्दल कारवाई केली.

मग २०१७ उजाडले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १,२९,४५० छायाचित्रांवर तयार केलेली प्रणाली ‘नेचर’मध्ये मांडली. २१ त्वचारोगतज्ज्ञांसमोर ती उभी केली, तेव्हा कर्करोग ओळखण्यात ती त्यांच्या तोडीस तोड ठरली. बातमी जगभर गेली. तिच्यामागून आलेली गोष्ट मात्र फारशी कोणी छापली नाही, आणि मला तरी तीच जास्त बोलकी वाटते. फोटोत शेजारी मोजपट्टी दिसली की ही प्रणाली कर्करोगाकडे झुकते, हे पुढे त्याच गटाने सांगितले. कारण साधे आहे. डॉक्टरांना शंका आली की ते मोजपट्टी लावून फोटो काढतात. यंत्राने रोगाबरोबर डॉक्टरांची ही सवयही पाठ करून ठेवली. जर्मनीतल्या संशोधकांना २०१९ मध्ये असेच आढळले. शस्त्रक्रियेआधी पेनाने केलेल्या खुणा फोटोत असल्या, की निरुपद्रवी तिळालाही यंत्र मेलॅनोमा म्हणू लागे.

आकड्यांकडेही जरा रोखून पाहायला हवे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२० साली छापलेल्या आढाव्यात एका प्रसिद्ध अ‍ॅपने शंभर धोकादायक डागांतले ८० पकडले आणि शंभर निरुपद्रवी डागांतल्या ७८ना ‘ठीक’ म्हटले. ऐकायला बरे वाटते. आता समजा, हजार लोकांनी ते वापरले आणि त्यांतल्या ३० जणांना खरोखर मेलॅनोमा आहे. सहा जण ‘काही नाही’ ऐकून निर्धास्त घरी बसतील आणि दोनशेहून जास्त लोक उगाच धास्तावून दवाखाने गाठतील. शिवाय हजारांत तीस हे प्रमाण फार मोठे धरले आहे. प्रत्यक्षात आजार जितका विरळा, तितकी खोटी हाकाटी जास्त.

आपल्याकडे मेलॅनोमा विरळाच. झालाच तर अनेकदा तळपायाला किंवा नखाखाली होतो, जिथे कोणी पाहत नाही. आपल्या खेड्यांत आणि वस्त्यांत त्वचेचे दुखणे म्हणजे नायटा, खरूज, शिबं, कोड, आणि या सगळ्यांच्या गर्दीत लपलेला कुष्ठरोग. नायट्याचेच घ्या. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या ट्यूबमध्ये बुरशीचे औषध आणि स्टेरॉइड एकत्र असते. चार दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि नायट्याची ती ओळखीची गोल कडा पुसट होऊन जाते. अशा डागाचा फोटो अनुभवी डॉक्टरलाही चकवतो. ‘काय लावत होता?’ हा प्रश्न विचारल्यावरच कोडे सुटते, आणि फोटोत त्याचे उत्तर नसते.

कुष्ठरोगाची गोष्ट याहून गंभीर आहे. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, या निकषावर भारताने २००५च्या अखेरीस कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्यानंतरही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडत आले आहेत, जगातल्या नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त. गडचिरोली, चंद्रपूर आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. रोग बरा होतो, औषध मोफत आहे, पण उशीर झाला की मज्जातंतू जातात आणि वाकलेली बोटे किंवा पायाच्या जखमा आयुष्यभर सोबत राहतात. लवकर शोधण्याचे मोल असलेला आपल्याकडचा त्वचेचा आजार कोणता, असे विचारले तर मी मेलॅनोमाआधी याचे नाव घेईन.

आणि नेमका इथेच कॅमेरा अडतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही. मुख्य म्हणजे त्याला स्पर्श कळत नाही. आशाताई माणसाला डोळे मिटायला लावते, बॉलपेनचे टोक किंवा कापसाचा बोळा हलकेच टेकवते आणि ‘कुठे लागलं ते बोटानं दाखवा’ म्हणते. बोट चुकीच्या जागी गेले किंवा हललेच नाही, की ती वहीत नाव टिपते. हा बधिरपणा कोणत्याही फोटोत उमटत नाही.

ब्राझीलमध्ये फियोक्रूझ या सार्वजनिक आरोग्य संस्थेने नोवार्टिस फाउंडेशन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासह एक प्रयोग केला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राला २२२ रुग्णांची १,२२९ छायाचित्रे दिली, आणि सोबत तपासणीत विचारलेल्या-पाहिलेल्या गोष्टीही. दोन्ही मिळून अचूकता ९० टक्क्यांच्या आसपास गेली. कुष्ठरोगाच्या बाजूने सर्वांत जास्त वजन पडले ते गरम-गार न कळण्याचे, पायांना येणाऱ्या मुंग्यांचे, चट्ट्यांच्या संख्येचे. खाज आणि खवले यांनी पारडे उलट बाजूला झुकवले. विदर्भातल्या जुन्या कुष्ठसेवकांना हे तोंडपाठ होतेच, यंत्रही तिथेच येऊन पोहोचले. एवढ्या थोड्या रुग्णांवरून देशभराची मोहीम आखता येणार नाही हे खरे, पण दिशा पटण्यासारखी आहे: फोटो काढावा, स्पर्शाची तपासणी करावी, चार प्रश्न विचारावेत आणि हे सगळे एकत्र करून जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे पाठवावे.

यंत्राचा उपयोग कोणाला जास्त होतो, हेही पाहिले गेले आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांच्या २०२०च्या अभ्यासात सर्वांत कमी अनुभव असलेल्यांना यंत्राची मदत सर्वांत जास्त झाली. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवखा डॉक्टर हा खरा लाभार्थी. त्याच अभ्यासात यंत्राला मुद्दाम चुकायला लावले, तेव्हा मुरलेले तज्ज्ञही त्याच्यामागून वाहवत गेले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतही संशयास्पद डागांची पहिली चाळणी यंत्राकडे सोपवायला सुरुवात झाली आहे. पण तिथे फोनला खास भिंग जोडलेले असते, फोटो शिकलेला माणूस काढतो आणि पुढे तुकडा काढून तपासायची सोय हाताशी असते.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. कुष्ठरोगाचा चट्टा पाठीवर, कंबरेखाली असू शकतो. घरोघरच्या शोधमोहिमेत म्हणूनच पथकात आशाताईसोबत एक पुरुष स्वयंसेवक असतो. बायकांना बाईने तपासायचे, पुरुषांना पुरुषाने. तपासणी झाली की ती तिथेच संपते, फोटो मात्र उरतो. तो कोणाच्या फोनमध्ये राहतो, कोणत्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो? कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते आणि ते २०१९ मध्येच कायद्यातून निघाले. गावाच्या मनातून ते इतक्या लवकर निघालेले नाही. तेव्हा फोटो पाठवल्यावर तो फोनमधून पुसायचा, हा नियम अ‍ॅपमध्येच बसवायला हवा. कामाच्या रगाड्यात तो आशाताईच्या लक्षात राहील अशी अपेक्षा ठेवू नये.

डॉक्टरला फोटो पाठवायची वेळ तुमच्यावर आलीच, तर दिवसाच्या उजेडात काढा. फोनचा ब्यूटी मोड आधी बंद करा, कारण तो डागच गुळगुळीत करून टाकतो. हळद, मलम पुसून घ्या. एक फोटो लांबून काढा, म्हणजे डाग अंगावर कुठे आहे ते कळेल, आणि एक जवळून. सोबत लिहा: कधीपासून आहे, खाजतो का, काय लावले. आणि तिथे पेनाचे टोक टेकवून पाहा. कळत नसेल तर अ‍ॅपच्या उत्तरासाठी थांबू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा; गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात, आणि त्या तिथे फुकट मिळतात.