पेपर गेला, पट्टी राहिली

कलेक्शन म्हटलं की लोकांना नाणी आठवतात, तिकिटं आठवतात, फार तर काडेपेट्या. मी रॅपर्स जमवतो असं सांगितलं की ऑफिसमध्ये हमखास प्रश्न येतो, ‘‘चॉकलेटची?’’ नाही हो! पोस्टाने पेपर पाठवताना त्याभोवती गुंडाळायची कागदी पट्टी. दिवाळी अंक पोस्टाने घरी यायचे तेव्हा त्यांना अशी पट्टी असायची, आठवतंय? माझ्याकडच्या पट्ट्यांवर मात्र टपाल तिकीट आधीच छापलेलं आहे. पेपर गुंडाळा, पत्ता लिहा, टाका पेटीत. आजच्या भाषेत प्रीपेड!

ही आयडिया अमेरिकेची. 1861 साली तिथे यादवी युद्ध पेटलं होतं आणि त्याच ऑक्टोबरात एक सेंटचं पहिलं रॅपर निघालं. बदामी कागद, त्यावर निळ्या शाईत बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा. 1864 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने ती उचलली. ब्रिटनचा नंबर 1 ऑक्टोबर 1870 रोजी लागला. पूर्वी तिथे पेपरवरच सरकारी ठसा असायचा आणि त्यातच टपालखर्च भागायचा. तो ठसा गेला, अर्ध्या पेनीत पेपर जाऊ लागला आणि व्हिक्टोरिया राणीचं हिरवं रॅपर आलं.

पट्टीच का, पाकीट का नाही? कारण हा स्वस्त दर फक्त छापील मजकुराला होता. आत कुणी गुपचूप चिठ्ठी सरकवली तर पोस्टाचं नुकसान! म्हणून दोन्ही टोकं उघडी. कारकुनाने ओढून बघावं आणि खात्री करावी.

आता गंमत बघा. पेपर हातात पडला की माणूस पहिल्यांदा काय करतो? पट्टी टरकावतो आणि फेकतो. त्यामुळे कोरी रॅपर्स बऱ्यापैकी मिळतात, पण खरोखर प्रवास केलेलं, पत्ता-शिक्क्यासकट शाबूत रॅपर मिळणं कठीण. त्यात जुन्या काळच्या संग्राहकांनी भर घातली. छापील तिकिटाचा चौकोन कापून अल्बममध्ये चिकटवायचा, बाकीचा कागद रद्दीत!

मागच्या वर्षी एका डीलरने माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. किंमत सारखीच. एकीकडे चाळीस सुंदर कापीव चौकोन, दुसरीकडे एकच चुरगळलेलं ब्रिटिश रॅपर. महिनाअखेर होती, दोन्ही घेणं शक्य नव्हतं. मी चुरगळलेलं उचललं. सोबतचा मित्र म्हणाला, ‘‘वेडा आहेस का रे तू?’’

पण त्या कागदाने काय काय सांगितलं! लंडनचा शिक्का 1895 चा. पत्ता मुंबईतल्या एका वाचनालयाचा. मुंबईचा शिक्का सतरा दिवसांनंतरचा, म्हणजे इटलीतलं ब्रिंडिसी बंदर आणि सुएझ कालवा या नेहमीच्या डाकमार्गाने आलेलं असणार. छापील अर्ध्या पेनीशेजारी अर्ध्या पेनीचं आणखी एक तिकीट चिकटवलेलं. का? छापील मजकुराला दर दोन औंसांना अर्धी पेनी लागायची. म्हणजे आतला ऐवज 57 ते 113 ग्रॅमच्या मधला! एखादा पातळसा पेपर नव्हता तर, जाडजूड साप्ताहिक किंवा दोन-तीन अंक एकत्र असावेत. आत काय होतं ते कधीच कळणार नाही. पण सतरा दिवसांच्या शिळ्या बातम्यांची कुणीतरी इथे वाट बघत होतं, एवढं नक्की. कापलेल्या चौकोनात यातलं काय उरलं असतं? फक्त राणी!

तुम्हालाही चाळा लावून घ्यायचाय? मग एवढं करा. घ्याल ते पूर्ण रॅपर घ्या. फाटकं चालेल, कापलेलं नको. चिकटटेपने जोडायला जाऊ नका. पीव्हीसीच्या स्वस्त प्लास्टिकऐवजी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. दोन्ही बाजू स्कॅन करा. मग शिक्के, तारखा, दर, पाठवणाऱ्याचं छापील नाव हे सगळं वहीत उतरवा. खरा रिसर्च तिथेच सुरू होतो.

आणि घरातला जुना पत्रव्यवहार आवरायला काढलात, तर कात्री तेवढी लांब ठेवा. प्लीज!