फटफटीचा प्लग आणि चंद्राची वाट

काटेवाडीला आमच्या घरी एक जुनी फटफटी होती. पावसाळ्यात ती हमखास रुसायची. एका रात्री आजीला दम्याचा जोर झाला म्हणून वडील तिला बारामतीला घेऊन निघाले. मी पुढे टाकीवर. कालव्याच्या पुलावर गाडी बंद! किका मारून वडील घामाघूम झाले. तेवढ्यात सायकलवरून एक ओळखीचे मिस्त्री आले. म्हणाले, "दादा, आधी ती बॅटरी विझवा, आन् मग मारा किक."

अंधारात किक मारली आणि कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या ओल्या वायरीवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या. ठिणगी होती, पण प्लगपर्यंत पोचतच नव्हती. मिस्त्रींनी वायर पुसली, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, आणि गाडी सुरू झाली. आजी वेळेत पोचली.

पुढे शाळेत विज्ञान शिकवताना वाचनात आलं, की अवकाशयानाचं इंजिन पेटवणाऱ्यांनाही हीच निळी ठिणगी छळते.

तसं प्रत्येक इंजिनाला ठिणगी लागत नाही. आमच्याकडून इंदापूरच्या अंगाला वालचंदनगर आहे. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांसाठी घन इंधनाची प्रचंड नळकांडी बनतात. ते इंधन दिवाळीच्या बाणासारखं. एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणार. मंगळयानाच्या मुख्य इंजिनात दोन द्रव असे होते, की एकमेकांना भेटताच पेटतात. म्हणूनच सुमारे ३०० दिवस निजलेलं ते इंजिन सप्टेंबर २०१४ मध्ये हाकेसरशी जागं झालं. पण हे द्रव अतिशय विषारी. शिवाय किलोमागे मिळणारा जोर द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोडीइतका नाही. ही दुसरी जोडी मात्र भेटली तरी आपणहून पेटत नाही. तिला कुणीतरी काडी लावावी लागते, आणि इंजिन पुन्हा सुरू करायचं तर पुन्हा काडी!

ही काडी म्हणजे ठिणगी. ती थेट मोठ्या इंजिनात पडत नाही. बाजूच्या छोट्या कोठीत थोडं इंधन पेटवते, आणि त्या कोठीतली ज्योत इंजिन पेटवते. आधी काकडा, मग चूल, तसंच.

आता अडचण ऐका. जमिनीवरच्या हवेत १ मिलिमीटर फटीतून ठिणगी पाडायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. हवेतले कण गर्दी करून असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनला धाव घ्यायला जागाच मिळत नाही. हवा विरळ केली की त्याला लांब धाव मिळते, टक्कर जोरात बसते, आणि मग काहीशे व्होल्टही पुरतात. हवा आणखी काढून टाकली, तर टक्कर द्यायला कणच उरत नाहीत आणि ठिणगी पडणं उलट अवघड होतं. मधला विरळ टप्पा घातक. वायरीच्या आवरणात, जोडात अडकलेली हवा अवकाशात हळूहळू निसटते आणि नेमकी त्या टप्प्यातून जाते. मग ठिणगी प्लगवर न पडता वायरीतच फुटते. आमच्या पुलावरचा प्रकार, फक्त पाण्याऐवजी पोकळी!

उपाय असा निघाला, की ती वायरच काढून टाकायची. कॉइल आणि प्लग एकाच ठोकळ्यात बसवायचे आणि मधल्या सगळ्या फटी घट्ट भरून टाकायच्या. हजारो व्होल्ट त्या ठोकळ्यातच जन्मतात, तिथंच खर्ची पडतात. बाहेरून येते ती साधी, कमी दाबाची तार. नव्या मोटारींत प्लगच्या डोक्यावर कॉइल बसवलेली असते, तसंच हे. नासाने मिथेन-ऑक्सिजन इंजिनासाठी अशीच रचना निर्वात कोठीत तपासली. वजन वाचतं, पण कॉइल इंजिनाला चिकटते. थंडीने भरण आकसून तडा गेला, की आत पुन्हा पोकळी.

जमिनीवरची परीक्षा किती फसवी असते, हे ४ एप्रिल १९६८ ला अपोलो ६ या मानवविरहित उड्डाणात दिसलं. कक्षेत गेलेला तिसरा टप्पा पुन्हा पेटलाच नाही. दोष ठिणगीचा नव्हता. तिच्या ज्योतीला हायड्रोजन पोचवणारी बारीक नळी तुटली होती. ही नळी जमिनीवर कधीच तुटली नव्हती. का? तर गार नळीवर हवा गोठून बर्फाचा थर बसायचा आणि तोच तिची थरथर दाबून धरायचा. अवकाशात हवा नाही, म्हणून थर नाही. लवचीक सांध्यांची नळी काढून वळणदार नळी बसवली, आणि त्याच डिसेंबरात अपोलो ८ मधून तिघे चंद्राकडे गेले. मला ही गोष्ट सगळ्या यशोगाथांहून मोलाची वाटते.

आपल्या एलव्हीएम-३ चं सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिनही अवकाशात पुन्हा पेटावं, म्हणून इस्रोची खटपट सुरू आहे. त्यासाठी एकाहून अधिक घटकांचा प्रज्वलक केला. २९ नोव्हेंबर २०२४ च्या चाचणीत त्यातला पहिलाच घटक पेटवला आणि उरलेल्या दोघांची प्रकृती ठीक राहते का, ते पाहिलं. मग ७ फेब्रुवारी २०२५ ला महेंद्रगिरीच्या निर्वात कोठीत, हवेचा आधार काढून घेऊन, तो पुन्हा पेटवला. पेटला!