एका कल्पनेचे वर्ष

चित्रकलेचे पुढील शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याकडे आता बहुतेक ठिकाणी पोर्टफोलिओ मागतात. पोर्टफोलिओ म्हणजे आपल्याच कामातून निवडून, क्रम लावून सादर केलेला संग्रह. वर्षभरातील सर्वांत देखणी पंधरा-वीस चित्रे एका जाड पुठ्ठ्याच्या बासनात घातली की तो तयार झाला, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. ही समजूत का रुजली हे उमगणे कठीण नाही. महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांची मुले एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांना बसत आली आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा प्रत्येक विषयाला नेमलेला वेळ असतो. घंटा झाली की कागद पर्यवेक्षकाच्या हाती जातो. या परीक्षांनी आडगावच्या मुलांच्याही हाती कुंचला दिला, हे त्यांचे ऋण फार मोठे आहे. परंतु ती त्या दिवशीच्या हाताची परीक्षा होय. पोर्टफोलिओ पाहणाऱ्याची जिज्ञासा वेगळी असते. या मुलाच्या मनात एक कल्पना आली, तिचे पुढे महिन्यामागून महिने काय झाले, हे त्याला पाहावयाचे असते.

अमेरिकेतील कॉलेज बोर्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षेत तर ही अपेक्षा आकड्यांनीच सांगितली आहे. तेथे पाच निवडक कलाकृतींना ४० टक्के गुण आणि एकाच प्रश्नाचा दीर्घकाळ शोध घेणाऱ्या पंधरा प्रतिमांना ६० टक्के. या पंधरांत पुरी झालेली कामे चालतात, तशीच कच्ची टिपणे व मधल्या पायऱ्याही चालतात. परीक्षक त्यांत सराव, प्रयोग आणि फेरफार या तीन गोष्टी शोधतात. हे तीन शब्द ऐकावयास सोपे आहेत; त्यांतील अंतर मात्र एखादे उदाहरण घेतल्यावाचून ध्यानात येत नाही.

त्यासाठी आपण बेंगळुरूला जाऊ. शहराच्या आग्नेयेस कोरमंगलाकडून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड हा आता मोठमोठ्या संगणक कंपन्यांचा आणि उंच इमारतींचा रस्ता झाला आहे. नोकरीच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबेही तेथे नांदतात. (तेथील वाहनांच्या कोंडीविषयी बोलू लागलो, तर या भाषणाची वेळ त्यातच संपावयाची!) याच रस्त्याला लागून कैकोंड्रहळ्ळीचा सुमारे ४८ एकरांचा तलाव आहे. सांडपाणी व कचरा यांनी तो मरणपंथाला लागला होता. तेव्हाच्या महानगरपालिकेने आणि आसपासच्या रहिवाशांनी मिळून २०११ च्या सुमारास त्याला पुन्हा जीवदान दिले. आज त्याच्या भोवती फिरण्याची वाट आहे आणि पाण्यावर पाणकावळे व पेलिकन उतरतात.

समजा, या तलावाजवळ राहणाऱ्या एका मराठी मुलीला पोर्टफोलिओ करावयाचा आहे. ऑगस्टमध्ये ती सूर्यास्त काढते, पेलिकन काढते. चित्रे गोड होतात, आजी-आजोबा कौतुक करतात. पण पाचव्या चित्रानंतर सहावे कोणते काढावे हे तिला सुचत नाही. याचे कारण उघड आहे. ‘तलाव’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आणि नुसता विषय लौकरच संपतो. पुढे एके दिवशी बांधाच्या दगडांवर पाण्याने सोडलेली रेघ तिला दिसते. गेल्या आठवड्यात ती रेघ तेथे नव्हती. मग तिच्या मनात येते, तलाव नेमका संपतो कोठे? नकाशात त्याला एक ठाम हद्द आहे, कुंपणाची दुसरी, पाण्याची तिसरी; आणि समोरच्या वीस मजल्यांचे प्रतिबिंब तर थेट तलावाच्या मध्यावर उभे आहे. एवढा एक प्रश्न हाती आला की वर्षभराचे काम पुढे दिसू लागते.

आता ती दर आठ दिवसांनी एकाच जागी बसून, एकाच मापाच्या कागदाच्या पट्टीवर काठाची रेघ काढते. हा सराव. सप्टेंबर-ऑक्टोबर हे बेंगळुरूच्या जोराच्या पावसाचे महिने. रेघ वर चढते, पुढे उतरू लागते. डिसेंबरात ती या पट्ट्यांवरून एक मोठे तैलचित्र करावयास घेते आणि ते साफ फसते, कारण रंगांच्या थाटात ती बारीक रेघच हरवून जाते. म्हणून जानेवारीत ती बांधाच्या दगडावर कागद ठेवून कोळशाने घासून ठसे घेते. फेब्रुवारीत काठचा गाळ डिंकात कालवून रंग म्हणून वापरते. तो वाळताना तडकतो आणि त्या भेगाच तिला हवा होता तो काठ दाखवितात. हा प्रयोग. मार्चमध्ये ती ऑगस्टमधले सूर्यास्ताचे चित्र बाहेर काढते आणि त्याचा खालचा अर्धा भाग त्या गाळाने झाकून टाकते. हा फेरफार. पहिल्या चित्राकडे परत जाण्याचे धैर्य येथे लागते. पुष्कळ मुले नेमकी येथेच कच खातात, कारण त्या चित्राची घरात स्तुती झालेली असते.

मोठे कलावंतही याच वाटेने गेलेले आहेत. १९३७ साली पिकासो ‘गेर्निका’ रंगवीत असताना दोरा मारने त्या कॅनव्हासच्या निरनिराळ्या अवस्थांची छायाचित्रे घेतली. आरंभी त्यात एक वर उचललेली मूठ होती, ती पुढे नाहीशी झाली. ती छायाचित्रे नसती, तर ही मूठ कधी होती याचा आपल्याला पत्ताच लागला नसता. आपल्याकडे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार साठच्या दशकात बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होता. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्याचे पुस्तक १९९० साली निघाले. घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू सपाट अवकाशात तरंगत ठेवणारी त्याची चित्रे एकाएकी सुचलेली भासतात. पण वर्षानुवर्षे त्याने वह्या ठेवल्या होत्या, त्यांत रेखाटने होती आणि विचारही. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या चित्रांबरोबर या वह्यांची पानेही मांडली होती. भिंतीवर स्तब्ध दिसणाऱ्या वस्तू वहीत चाचपडत चाललेल्या दिसतात.

आम्हां सरकारी नोकरांना ही वही समजावयास जड जाऊ नये. नस्तीत टिपणीचे पान फाडता येत नाही. आधीचे मत बदलले, तर त्याखाली नवे मत तारखेनिशी लिहावयाचे, आणि जुने तेथेच राहते. दहा वर्षांनी नस्ती उघडणाऱ्याला निर्णय कळतो, तसा त्या निर्णयापर्यंतचा रस्ताही कळतो. विद्यार्थ्याच्या वहीला हाच नियम लावावा: पान फाडू नये, तारीख घालावी, आणि काय फसले ते एका ओळीत लिहावे.

हे सांगण्यास आणखी एक कारण आहे. पोर्टफोलिओ ‘तयार करून देणारे’ वर्गही आता निघाले आहेत. अंतिम चित्र आधी करून घ्यावयाचे आणि मागाहून त्याच्या ‘पायऱ्या’ एका रविवारात बसून काढावयाच्या, असा प्रकार काही ठिकाणी चालतो. अशा बनावट वहीत प्रत्येक रेखाटन शेवटच्या चित्राकडे बोट दाखवीत सरळ चालते. एकही आडवाट नसते, एकही बंद गल्ली नसते. खरी कल्पना इतकी आज्ञाधारक नसते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला अशी वही रचावयास लावणे हे मला परीक्षेतील नकलेहून वाईट वाटते. नकलेत दुसऱ्याचे उत्तर चोरले जाते. येथे मुलाकडून त्याचे स्वतःचे चुकण्याचे वर्षच काढून घेतले जाते.

निवडीच्या वेळी आपल्या काठावरच्या मुलीपुढे साठ-सत्तर कागद पडलेले असतील आणि त्यांतून पंधरा उचलावयाचे असतील. आठवड्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या न देता एकाखाली एक लावून त्यांचे एकच छायाचित्र द्यावे; पाण्याची चढउतार मग एका दृष्टिक्षेपात दिसते. गाळाच्या चित्रांतील दोन पुरेत. ते फसलेले तैलचित्र मात्र वगळू नये. ठशांच्या अगोदर त्याला जागा द्यावी, म्हणजे ठसे का आले हे पाहणाऱ्याला न सांगता कळेल. सोबतच्या निवेदनात निसर्गप्रेमाविषयी काही लिहिण्याची गरज नाही. तलाव कोठे संपतो हा प्रश्न लिहावा, आणि कोणत्या महिन्यात कोणते साधन का बदलले, ते लिहावे. झाकलेला सूर्यास्त शेवटी ठेवावा. त्याच्या वरच्या कडेला ऑगस्टमधला नारिंगी रंग बोटभर उरलेला असेल, तो तसाच राहू द्यावा.