दाताचा एक्स-रे: एवढं माहीत हवंच

डोस किती? एका दाताच्या डिजिटल एक्स-रेमध्ये साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी. निसर्गातून आपल्याला रोज सरासरी ६ ते ७ मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात.

चित्र का बिघडतं? ट्यूबचा उभा कोन कमी पडला, की दाताचं मूळ लांबट दिसतं. जास्त झाला, की आखूड. आडवा कोन चुकला, तर शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात आणि फटीतली कीड झाकली जाते. मग एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, म्हणजे डोस दुप्पट.

खबरदारी: सेन्सर होल्डरमध्येच बसवावा, कर्मचाऱ्याने तो बोटांनी धरू नये. बटण दाबणाऱ्याने आडोसा नसेल तर किमान ६ फूट दूर उभं राहावं.

तुमचं काम: जुने एक्स-रे सोबत न्या. गरोदर असाल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.